नवेपणाची सबब

नव्याने सुरू झालेल्या कंपनीकडे ना नाव असते, ना जाहिरातीला पैसा. तेव्हा तिने ओळखपाळख नसलेल्या माणसांच्या फोनवर, मेलवर आणि व्हॉट्सॲपवर पुन्हा पुन्हा धडक मारली तर ते समजून घ्यावे, असा युक्तिवाद मी गेली काही वर्षे ऐकतो आहे. पुण्यात स्टार्टअप काढू पाहणारी तरुण मुले सल्ल्यासाठी येतात, तेव्हा तो हमखास पुढे येतो. मला तो मान्य नाही.

मध्यंतरी घरगुती दुरुस्तीच्या सेवा पुरवणारे ॲप सुरू करणाऱ्या दोघांनी मला आपली मार्केटिंगची योजना दाखवली. लॅपटॉपवर एक एक्सेल शीट उघडलेली होती. सोसायटीचे नाव, इमारत, फ्लॅट क्रमांक, मालकाचे नाव, मोबाइल, आणि शेवटच्या रकान्यात शेरे. एका नावापुढे ‘सीनिअर सिटिझन, एकटे राहतात’ असे लिहिले होते. ही यादी त्यांनी एका एजंटाकडून विकत घेतली होती आणि तो शेरा त्यांना ‘टार्गेटिंग’साठी उपयोगाचा वाटत होता. मुले कष्टाळू होती, कुणाला फसवण्याचा त्यांचा हेतू नव्हता. पण आपण एकटे राहतो ही गोष्ट त्या गृहस्थांनी कधीतरी गेटवरच्या वहीत किंवा कुठल्याशा अर्जात विश्वासाने सांगितली असणार, आणि ती आता पैसे मोजणाऱ्या कुणाच्याही हाती पडू शकत होती, हे त्या दोघांच्या ध्यानातच आले नव्हते.

न मागता केलेली प्रत्येक जाहिरात वाईट असते, असे मी म्हणत नाही. नव्याने डबे सुरू करणाऱ्या बाई वर्तमानपत्रातून पत्रक टाकतात, तेही कुणी मागितलेले नसते. परंतु त्या पत्रकावर त्यांचे नाव आणि पत्ता असतो, छपाईचा खर्च त्यांनी सोसलेला असतो, आणि पत्रक रद्दीत टाकले की विषय संपतो. लाखभर लोकांना मेसेज पाठवणाऱ्याला एकेका मेसेजमागे काही पैसे, फार तर रुपयाच्या आसपास खर्च येतो. बाकीची किंमत मोजतो तो घेणारा, आपल्या वेळेच्या आणि स्वस्थतेच्या रूपाने. शिवाय एका नंबरला ‘नको’ म्हटले तर दुसऱ्या नंबरावरून फोन येतो. माझ्या दृष्टीने नैतिक प्रश्नाचे मर्म इथे आहे: समोरच्याच्या नकाराला या व्यवहारात काही वजन आहे की नाही?

याहून गंभीर प्रकार म्हणजे स्वतःची ओळख लपवून बोलणे. २०११ मध्ये सुट्टीतील घरे भाड्याने देण्याच्या व्यवसायातल्या डेव्ह गुडन यांनी उघडकीस आणले की, क्रेगलिस्ट या छोट्या जाहिरातींच्या संकेतस्थळावर सुट्टीसाठी घर भाड्याने देण्याची जाहिरात टाकणाऱ्यांना साध्या जीमेल खात्यांवरून मेल येत होते. कुणा व्यक्तीला ती जाहिरात आवडली आहे, असे भासवून एअरबीएनबी या घरे भाड्याने देण्याच्या ऑनलाइन सेवेकडे वळण्याची शिफारस त्यांत केलेली असे. कंपनीने त्याचे खापर कंत्राटी विक्रेत्यांवर फोडले. पुढे एअरबीएनबी प्रचंड मोठी झाली, आणि आज हा प्रसंग अनेक ठिकाणी चातुर्याचा नमुना म्हणून सांगितला जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते. यशामुळे त्या मेलमधला खोटेपणा धुऊन निघत नाही.

पाथ नावाच्या सोशल नेटवर्किंग ॲपची गोष्ट आणखी बोलकी आहे. ते वापरणाऱ्याची संपूर्ण संपर्कयादी न विचारता आपल्या सर्व्हरवर चढवते, हे २०१२ मध्ये उघड झाले आणि संस्थापकांना माफी मागावी लागली. तरीही २०१३ मध्ये एका माणसाच्या यादीतल्या सगळ्यांना, अगदी आजीआजोबांनाही, भल्या सकाळी त्याच्या नावाने निमंत्रणाचे मेसेज गेल्याची तक्रार पुढे आली. अशा मेसेजमध्ये कंपनी आपल्या नव्हे, तर दुसऱ्याच्या शब्दावर धंदा करते. भाच्याचे नाव दिसले की मावशी भिडेखातर लिंक उघडते; ती भीड कमावली भाच्याने आणि खर्च केली तिऱ्हाइताने.

आपल्याकडे नियम नाहीत असे नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, २०१८ च्या नियमावलीनुसार व्यावसायिक संदेश पाठवणाऱ्याने नोंदणी करणे बंधनकारक आहे, जाहिरातीच्या फोनसाठी १४० ने सुरू होणारे नंबर राखून ठेवलेले आहेत आणि १९०९ वर तक्रार करता येते. फेब्रुवारी २०२५ मध्ये तक्रार करण्याची मुदत तीन दिवसांवरून सात दिवसांवर नेण्यात आली. परंतु व्हॉट्सॲपवरचे संदेश या चौकटीबाहेर राहतात, आणि साध्या सिमकार्डावरून फोन करणाऱ्या छोट्या कंपनीपर्यंत कारवाई पोहोचेतो तिचा नंबर बदललेला असतो. हे फोन करायला बसवलेली मुले बहुधा पहिल्याच नोकरीत असतात. दिवसभराचे टार्गेट त्यांच्या डोक्यावर, आणि लोकांच्या शिव्याही त्यांनाच. त्यांच्याविषयी मला राग नाही, सहानुभूती आहे.

मोठे झाल्यावर सुधारू, हेही मला पटत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने बायजूज या ऑनलाइन शिकवणीच्या कंपनीला आक्रमक विक्रीच्या आरोपांवरून नोटीस बजावली, तेव्हा ती देशातली सर्वाधिक मूल्यांकनाची स्टार्टअप म्हणून गणली जात होती. नंबर विकत घेतल्याचा आरोप कंपनीने नाकारला. मात्र त्यानंतर विक्रीसाठी घरी जाणे थांबवत असल्याचे तिने जाहीर केले. विक्रीची पद्धत एकदा अंगवळणी पडली की भांडवल वाढल्यावर ती आपोआप सुटत नाही. उलट तिला मोठी यंत्रणा मिळते.

म्हणूनच २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातली एक तरतूद मला अस्वस्थ करते. कलम १७ मधील तिसरे पोटकलम केंद्र सरकारला काही वर्गांना, त्यांत स्टार्टअपचा स्पष्ट उल्लेख आहे, निवडक कर्तव्यांतून सूट देण्याची मुभा देते. माहिती कशासाठी घेतली हे आधी कळवणे, संमती मागे घेतल्यावर ती पुसून टाकणे आणि आपल्याविषयी काय साठवले आहे हे विचारण्याचा नागरिकाचा हक्क, या तिन्ही गोष्टी त्या यादीत येतात. लहान कंपनीला कागदपत्रांच्या ओझ्यातून सवलत द्यावी, नोंदी ठेवण्याच्या पद्धती सोप्या कराव्यात, याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण ‘माझी संमती मागे घेतो’ असे सांगणाऱ्या माणसाची माहिती पुसण्यातून सूट मागण्याचे कारण नव्या कंपनीला काय असू शकते, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेले नाही.