साराजेव्होची बाश्चार्शिया: मालाच्या वाटेने फिरा

बाश्चार्शियात आलेले बहुतेक पर्यटक सेबिल या लाकडी पाणपोईपाशी फोटो काढतात, चेवापी (खिम्याचे छोटे कबाब) खातात, दोन-चार मॅग्नेट घेतात आणि तासाभरात बाहेर पडतात. एवढ्या घाईत हा बाजार कळत नाही. ओस्मानी (ऑटोमन) बोस्नियाचं हे प्रांतीय शहर या बाजारावरच पोसलं गेलं. माल ज्या वाटेने यायचा, त्याच वाटेने फिरलात तर त्याची सगळी रचना उलगडते.

सुरुवात मोरिचा हानपासून करा. ही काफिल्यांची सराई: खाली घोडे आणि माल, वर माणसांच्या खोल्या. शहरात अशा कितीतरी सराया होत्या, आज उभी राहिलेली ही एकच. अंगणात आता कॉफी मिळते, ती इथेच घ्या.

तिथून ब्रुसा बेझिस्तान. वजीर रुस्तम पाशाने १५५१ मध्ये बांधलेली ही सहा घुमटांची बंदिस्त पेठ. बुर्साचं रेशीम इथे विकलं जायचं. आता आत संग्रहालय आहे आणि त्यात जुन्या बाजाराची मोठी प्रतिकृती आहे. गल्ल्यांत शिरण्याआधी ती पाहाच, पुढची भटकंती दुप्पट समजते. रविवारी बंद असू शकतं, वेळ आधी तपासा.

मग गल्ल्या. एका धंद्याला एक गल्ली, आणि नावंही तीच: साराची खोगीर-चामडेवाल्यांची, कोवाची लोहारांची, काझान्जिलुक तांबटांची. जुन्या दुकानांची लाकडी फळी दोन भागांत उघडते. वरचा भाग उचलला की छप्पर होतं, खालचा पाडला की माल मांडायला आणि बसायला ओटा.

काझान्जिलुकमध्ये मात्र वेळ काढा. ठोक्यांचा आवाज येईल त्याच दुकानात थांबा. जेज्वा, म्हणजे कॉफी उकळायचं दांड्याचं भांडं, घ्यायची असेल तर आधी आत डोकावा: कल्हई एकसारखी, चकचकीत हवी. ठोक्यांच्या खुणा थोड्या कमी-जास्त असतील आणि भांडं हाताला जड लागत असेल, तर ते बहुधा हातचं. साच्यातल्या भांड्यावर सगळं मोजूनमापून सारखं असतं. हातच्या कामाला चार पैसे जास्त पडतात, ते जरूर द्या. ही गल्ली त्यावरच टिकणार आहे.

मला सर्वांत भावली ती या बाजारामागची व्यवस्था. सोळाव्या शतकातला बोस्नियाचा ओस्मानी सुभेदार गाझी हुस्रेव बेग याने मशीद, मदरसा, अन्नछत्र उभारलं आणि त्यांच्या खर्चासाठी दुकानं, सराई वक्फ करून ठेवली. व्यापाऱ्याच्या भाड्यातून विद्यार्थ्याचं शिक्षण व्हायचं. त्याने बांधलेलं, शंभर मीटरहून जास्त लांबीचं बेझिस्तान आजही चालू आहे. त्याच्या शेजारी ताश्लीहान या दगडी सराईचे अवशेष दिसतात. १८७९ च्या आगीत बाजाराचा मोठा भाग गेला. पश्चिमेला चालत जाताना बुटकी दुकानं अचानक संपून नंतरच्या ऑस्ट्रियन राजवटीतल्या उंच इमारती सुरू होतात, ते म्हणूनच.

मशिदीजवळच्या घड्याळाच्या मनोऱ्यावरून वेळ लावू नका. त्यात सूर्यास्ताला बारा वाजतात.

सकाळी लवकर या, दुपारी गटांची गर्दी होते. दगडी फरसबंदी पावसात निसरडी होते, बूट चांगले हवेत. छोट्या दुकानांत रोख लागते. चलन मार्क, साधारण दोन मार्कांना एक युरो. ट्रामचा थांबा बाजाराला लागूनच आहे. भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो. बहुप्रवेशी शेंगेन व्हिसा असेल तर सवलत असते, पण तिकीट काढण्याआधी दूतावासाकडून नियम पक्का करून घ्या.