ॲप म्हणतं चार तास वीस मिनिटं

रात्री अकराला भाचीचा मेसेज आला, स्क्रीनशॉट आणि खाली डोळे फिरवणारा इमोजी. "मावशी, अख्ख्या रूटला ॲप चार तास वीस मिनिटं दाखवतंय, मग आपण पहाटे साडेचारला कशाला निघतोय, आठला निघू की मस्त झोप काढून." मी उत्तर टाइप करायला घेतलं आणि तिसऱ्या मेसेजला कळलं की हे चॅटमध्ये मावणारं प्रकरण नाहीये, म्हणून इथे लिहायला बसलेय. बाकीच्यांनाही उपयोग झाला तर झाला.

प्लॅन साधाच आहे. भर उन्हाळ्यात, एका दिवसात, डोंगराची धार या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायची. एका सोंडेने, म्हणजे धारेपासून खाली पायथ्याकडे उतरत गेलेल्या डोंगराच्या फाट्याने, चढायचं, धारेवरून जायचं, पलीकडच्या सोंडेने उतरायचं, एकूण १३ किलोमीटर. रूट फेमस आहे, ज्याने त्याने केलेला, सुट्टीच्या दिवशी तर अरुंद जागी चक्क रांग लागते, आणि त्यामुळेच सगळ्यांना वाटतं की एवढे लोक जातात तर त्यात प्लॅनिंग कसलं करायचं.

तर आधी ते चार तास वीस मिनिटं. १८९२ साली नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक सोपा हिशोब सांगून ठेवलाय, ५ किलोमीटरला एक तास आणि वर दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. आमच्या रूटला लावून बघा. १३ किलोमीटरचे दोन तास छत्तीस मिनिटं. चढाई सगळी मिळून १०५० मीटर, त्याचे पावणेदोन तास. बेरीज चार तास एकवीस मिनिटं, म्हणजे ॲपनेही बहुतेक असंच काहीतरी केलं असणार. पण हा हिशोब धडधाकट माणसाचा, चांगल्या वाटेवरचा, आणि मुख्य म्हणजे न थांबता चालण्याचा आहे! पाणी प्यायला थांबणं नाही, बुटातला खडा काढणं नाही, फोटो नाही, पुढच्या ग्रुपसाठी खोळंबणं नाही. स्वित्झर्लंडमध्ये वाटांवर पिवळ्या पाट्या असतात ना, त्यांच्यावरचा वेळसुद्धा विश्रांती सोडूनच लिहिलेला असतो, तिथे पहिल्यांदा गेलेले लोक फसतात ते त्यामुळेच.

मी आमच्या चौघांसाठी याला दीडने गुणते. आमच्यात दादा आहे ज्याचा गुडघा उतारावर बोलायला लागतो आणि भाची आहे जी पहिल्यांदाच धारेवर येतेय, आणि ग्रुपचा स्पीड म्हणजे सगळ्यात हळू चालणाऱ्याचा स्पीड, यात वाद नको. पहिली चढाई ४ किलोमीटर आणि ७०० मीटर, नेस्मिथने जवळजवळ दोन तास, दीडने गुणले की तीन. साडेचारला निघालो तर साडेसातला धारेवर. धार ५ किलोमीटर, त्यात वरखाली करत ३५० मीटर चढ, त्याचे दोन तास वीस, अधिक अरुंद जागच्या रांगेची पाऊण तास, अधिक खायला अर्धा तास, म्हणजे अकरा वाजून गेले. मग उतार ४ किलोमीटर, ८०० मीटर खाली. उताराला वेळ लागत नाही असं ज्याला वाटतं त्याने मुरुमाच्या घसाऱ्यावरून उतरून दाखवावं. लँगम्युर म्हणून दुसरा एक गिर्यारोहक होता त्याने पुढे नेस्मिथच्या हिशोबात भर घातली की तीव्र उतार असेल तर दर ३०० मीटरला दहा मिनिटं वाढवा. ती वाढवून पुन्हा दीडपट केली की पावणेदोन तासांच्या वर. खाली पोचेपर्यंत एक वाजला. चार तास वीसचे साडेआठ झाले बघ.

आणि हा सुद्धा नकाशावरचा हिशोब आहे. नकाशावर कंटूरच्या, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या, रेषा २० मीटर उंचीच्या अंतराने असतील तर पंधरा मीटरचा उंचवटा दोन रेषांच्या मधे आरामात लपून बसतो, दिसतच नाही. धारेवर असे उंचवटे किती असतात विचारू नका. समोर माथा दिसतो, तुम्ही जीव काढून तिथे पोचता, आणि मागून दुसरा डोकं वर काढतो. मागच्या वेळी मी असे सात मोजले आणि मग मोजणं सोडून दिलं. त्यामुळे ३५० मीटर चढ हा आकडा मी मनात ४५० च धरते.

आता पुढचा प्रश्न ती विचारणारच, की एक वाजला तर वाजला, तीन वाजले म्हणून काय झालं, उजेड असतो की सातपर्यंत. उजेडाचा प्रश्नच नाहीये, प्रश्न उन्हाचा आणि ढगांचा आहे.

धारेवर सावली नसते. म्हणजे अजिबात नसते, एखादं वाऱ्याने वाकडं झालेलं झुडूप सोडलं तर. वर हवा थंड असते हे खरं, साधारण हजार मीटरला साडेसहा डिग्री उतरतं, आम्ही ७०० मीटर चढणार म्हणजे साडेचार डिग्री कमी. पण ऊन कमी होत नाही, अतिनील किरण तर उलट हजार मीटरला दहा टक्क्यांच्या आसपास वाढतात. त्यात सतत वारा, घाम येतो तसा उडून जातो, कपडे कोरडे, माणसाला वाटतं आपल्याला घामच येत नाहीये, आणि पाणी प्यायचं राहून जातं. मग बारा वाजता डोकं दुखायला लागतं, मळमळतं, पोटरीत गोळा येतो. मला आलाय, मधल्या धारेवर, एका बाजूला दरी असताना पाय ताणायला सुद्धा जागा नाही अशा ठिकाणी, आणि मागे दहा लोक उभे.

ढगांचं असं की उन्हाळ्यात सकाळपासून उतार तापतात, तापलेली हवा वर चढते, आणि दुपारनंतर डोंगरावरच ढग बांधले जातात. सकाळी नऊला कापसाचे पुंजके दिसले तर काही नाही, पण अकराला तेच फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे वर वर चढत असतील तर दुपारी गडगडाट धरून चाला. आणि धारेवर सगळ्यात उंच वस्तू कोण, तर आपण. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजायचे, तीन सेकंदाला एक किलोमीटर, तीस सेकंदांच्या आत आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि तेवढी पुरेशी जवळ आहे. माथा सोडायचा, रेलिंग नि साखळ्यांपासून लांब, एकट्या झाडाखाली नाही, उथळ कपारीत तर नाहीच, खाली उतरत राहायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत वर यायचं नाव नाही. म्हणून मला बारापर्यंत धारेवरून खाली लागलेलं असायला हवं, आणि म्हणून साडेचार.

पण खरं सांगू का, निघायच्या वेळेपेक्षा मला परत फिरायची वेळ जास्त महत्त्वाची वाटते. साध्या डोंगरावर कसं, दमलात तर फिरा मागे, आलो ती वाट आहेच. धारेचं गणित वेगळं. अर्धी धार झाली की मागे जाणं आणि पुढे जाणं सारखंच लांब, आणि आमच्या रूटवर तर खिंडीच्या पुढे दोन कातळटप्पे आहेत जे चढायला सोपे वाटतात पण उलटे उतरताना पाय कुठे ठेवायचा तेच दिसत नाही. म्हणजे खिंड ओलांडली की परतीचा पर्याय कागदावरच राहतो. मधून उतरायला एकच जागा, त्या खिंडीतून निघणारी सोंड, पायवाट मळलेली आहे, पायथ्याला जाते. तिच्या शेजारी एक घळ आहे, ती जास्त सरळ दिसते, खाली रस्ता पण दिसतो, आणि तिथूनच लोक उतरायला जातात आणि मधेच कोरड्या धबधब्याच्या कड्यावर येऊन अडकतात. घळीत शिरायचं नाही म्हणजे नाही. पाणी जिथून उडी मारतं तिथून आपल्याला मारता येत नाही.

तर निर्णय खिंडीत. हिशोबाने आम्ही तिथे सव्वानऊ साडेनऊला हवे. पावणेदहा वाजून गेले, किंवा कुणाचं पाणी निम्म्याच्या खाली गेलं, किंवा ढग वर चढायला लागले, तिन्हीतलं एक जरी झालं तरी सोंडेने खाली. हे मी आत्ता घरी पंख्याखाली बसून ठरवतेय कारण वर गेल्यावर माझ्यावर माझाच भरवसा नाही. वर समोर पुढची अख्खी धार दिसत असते, माणसं ओळीने चाललेली असतात, त्यात लहान मुलं पण असतात, आणि मग वाटतं एवढे सगळे जातायत की. त्या सगळ्यांनी कधी सुरुवात केली, किती पाणी आहे, त्यातल्या किती जणांना मधेच हेलिकॉप्टर हवं होईल, आपल्याला काय माहीत. गर्दी बघून धीर येतो तो फुकटचा असतो.

पाण्यावरून दादाशी दरवेळी भांडण. त्याचं म्हणणं दोन लिटर बास, ओझं होतं. अरे, धार म्हणजे पाणी दोन्हीकडे वाटून देणारी जागा, पडलेला थेंब इकडे नाहीतर तिकडे खालीच जाणार, झरे असलेच तर सोंडेच्या पोटात खाली, आणि उन्हाळ्यात ते पण आटलेले. तासाला अर्धा ते पाऊण लिटर धरून साडेआठ तासांचे माणशी पाच लिटर, म्हणजे पाच किलो, हो, जड आहे, पण तासातासाला हलकं होणारं ओझं आहे. त्यातली एक बाटली सॅकच्या तळाशी, तिला उतार सुरू होईपर्यंत हात लावायचा नाही. आणि नुसतं पाणी ढोसत राहायचं नाही, घामातून मीठ जातं ते भरून आलं नाही तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि माणूस पाणी पिऊन पिऊन आजारी पडतो. ओआरएसची पाकिटं घ्यायची, नसतील तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा छोटा, चहाचा.

गाडीचं ऐकाच. सुरुवात एका टोकाला, शेवट दुसऱ्या टोकाला, त्यामुळे आदल्या दिवशी एक गाडी पलीकडे नेऊन ठेवावी लागते. दोन वर्षांपूर्वी आम्ही ठेवली. व्यवस्थित, सावलीत, आत थंड पाण्याचा कॅन, कोरडे कपडे, सगळं. दुपारी लंगडत खाली उतरलो, गाडी समोर, आणि त्या गाडीची किल्ली अलीकडच्या गाडीच्या कप्प्यात. काचेतून तो कॅन दिसत होता. कुणी ठेवली होती ते मी लिहिणार नाही, दादा हे वाचतो. यावेळी किल्ली माझ्या सॅकच्या आतल्या कप्प्यात, हुकला अडकवून, आणि मी ती कुणाला दाखवणार सुद्धा नाही.

बाकी फुटकळ. बुटाचा तळ झिजलाय का ते अंगठा फिरवून बघ, कोरड्या मुरुमावर झिजलेला बूट म्हणजे छऱ्यांवर चालणं. पायाची नखं दोन दिवस आधी काप, आदल्या रात्री नको, नाहीतर कापलेल्या कडा टोचतात. आणि कापलीच नाहीस तर ८०० मीटर उतारात अंगठा बुटाच्या टोकाला आपटून आपटून नख काळं पडतं, मग महिनाभर सँडल. फोन एअरप्लेन मोडवर, धारेवर रेंज येते जाते आणि ती शोधण्यातच बॅटरी संपते, नकाशा आधीच ऑफलाइन उतरवून ठेव. हेडटॉर्च सॅकमध्ये चालू राहून संपला नाहीये ना ते निघताना बघ, बॅकअप सेल घे. कानांच्या पाळ्यांना आणि हनुवटीच्या खाली सनस्क्रीन, कातळावरून ऊन खालून वर येतं. वाळलेल्या गवताचा बुंधा धरून चढायचं नाही, तो हातात येतो. सुट्टीचा दिवस मी मुद्दाम टाळलाय, बुधवारी जातोय, रांगेची ती पाऊण तास कदाचित वाचेल, पण हिशोबातून काढलेली नाही.

शेवटचं काम आज संध्याकाळी केलं. एका कागदावर रूट, चौघांचे नंबर, दोन्ही गाड्या कुठे असतील, खिंडीतली उतरायची सोंड, आणि "संध्याकाळी सहापर्यंत फोन आला नाही तर या नंबरवर कळवणे" असं लिहून ताईकडे दिला. एकला उतरणार तर सहा कशाला, असं तिने विचारलं, मी म्हटलं गोळे येतात, किल्ल्या विसरतात, रेंज नसते. ताईने कागद दोनदा वाचला, फ्रिजला लावला, आणि मग म्हणाली, "सहा म्हणजे सहा ना? सहा वाजून पाच मिनिटांनी मी लावणार फोन." मी म्हटलं लाव. आणि आत्ता हे लिहून होतंय तोवर भाचीचा मेसेज, "ओके मावशी, पण अलार्म कितीचा लावू?"

सव्वातीनचा लाव बाळा.