ऑइलचा लाल दिवा

आज सकाळी खानापूरहून बेळगावला येताना मच्छेजवळ गाडी थांबवली आणि डॅशबोर्डवरचा ऑइल प्रेशरचा दिवा मिणमिणायला लागला. ॲक्सिलेटर दिला की विझायचा. बाबांची १९९४ची गाडी, काळजात धस्स झालं. डिपस्टिक पुसून बघितली, ऑइल बरोबर दोन खुणांच्या मधे. तरी पुढं चालवली नाही, ओढून उद्यमबागेत नेली.

मिस्त्रीकाकांनी आधी ऑइल प्रेशरचा स्विच काढून तिथं गेज लावला. बऱ्याचदा स्विचच खोटं बोलतो म्हणे. थंड इंजिनला ४५ पीएसआय (दाबाचं माप)! मला हायसं वाटलं. ते म्हणाले, "तापू दे की जरा." वीस मिनिटांनी काटा आयडलला, म्हणजे ॲक्सिलेटर न देता, ६ वर आणि २००० आरपीएमला (मिनिटाला इंजिनचे फेरे) जेमतेम १५. दर हजार आरपीएमला साधारण १० तरी हवं. तापलेलं ऑइल पातळ होतं, झिजलेल्या बेअरिंगच्या फटीतून निसटतं, म्हणून प्रेशर टिकत नाही.

मी विचारलं, जाड ऑइल घालून भागेल का? "दिवा विझंल, झीज थांबणार हाय का?"

इंजिनखालचं ऑइलचं चेंबर उतरवलं. ऑइल गाळायची जाळी स्वच्छ होती, पंपही ठीक. बिग एंडची, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाची, टोपी काढली तर बेअरिंगच्या करड्या शेलचा वरचा थर झिजून आतला तांब्याचा लालसर पट्टा चमकत होता. काकांनी क्रँकवर, म्हणजे बेअरिंगमधे फिरणाऱ्या इंजिनच्या मुख्य दांड्यावर, नख फिरवलं, ओरखडा लागला नाही. क्रँक वाचला! उद्या मायक्रोमीटर लावून मापाचे शेल मागवायचे. रात्री बाबांना फोन केला, तर पहिला प्रश्न, "लगेच बंद केलीस ना रे?"