रिकामा रकाना

आमच्या बिल्डिंगमध्ये मला दोन नावं आहेत. तोंडावर ‘ताई’ आणि जिन्यात ‘ती बँकवाली’. दुसरं नाव पडलं एका सहीमुळे, म्हणजे मी न केलेल्या सहीमुळे.

मुलुंड पूर्वेला, स्टेशनपासून चालत बारा मिनिटांवर आमची सोसायटी. १९८१ सालची इमारत, तळमजला अधिक चार, वीस घरं, लिफ्ट नाही. दर मे महिन्यात आम्ही गच्चीवर ताडपत्री घालतो, दर जुलैत वारा ती फाडतो आणि चौथ्या मजल्यावर बादल्या मांडल्या जातात. पुनर्विकास सगळ्यांनाच हवा आहे, मलाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकल्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

२०२२ च्या गणपतीनंतरचा एक रविवार. गच्चीवर सभा. मंडळाच्या लाल खुर्च्या, समोसे, वेफर्स, घरटी एक मिठाईचा बॉक्स. बिल्डरची तीन माणसं आलेली. त्यातला पांढऱ्या शर्टातला बोलायला फार गोड. आल्या आल्या चौथ्या मजल्यावरच्या आजींच्या पाया पडला. मग प्रत्येकाच्या हातात एकेक फाइल, वर आपापलं नाव छापलेलं, आत संमतीपत्र. पेनसुद्धा फाइलीलाच अडकवलेलं.

मी वाचायला घेतलं. आणि तो बोलायला लागला.

माझ्या आईला तुम्ही ओळखता का, आमच्या गावाकडचेच दिसता, मॉड्युलर किचन कोणत्या रंगाचं हवं... मी पान उलटलं की याचा नवा विषय.

मी लालबागच्या एका सहकारी बँकेत ३१ वर्षं काढली, त्यातली बरीचशी सह्या तपासण्यात. कॉम्प्युटर यायच्या आधी नमुना सह्यांची कार्डं लाकडी ट्रेमध्ये असायची. स्लिप आली की कार्ड काढायचं, शेजारी धरायचं, बघायचं. तेवढा अर्धा मिनिट समोरचा माणूस काय करतो? सरळ माणूस पंख्याकडे बघतो, घड्याळाकडे बघतो, रांगेला शिव्या घालतो. बोलत राहतो तो वेगळा.

असाच एक जण १९९६ साली आला होता. एका म्हाताऱ्या गिरणी कामगाराच्या खात्यातून अठरा हजार काढायचे होते, ‘काका आजारी आहेत, मी पुतण्या’. सहीतला ‘र’ मला खटकला. तो मात्र थांबेचना, पावसाबद्दल, काकांच्या दम्याबद्दल. मी स्लिप बाजूला ठेवली, तर मागून आमचे साहेब म्हणाले, “ओळखीचा मुलगा आहे हो, किती ताणताय? रांग बघा.” शेजारच्या दोघींनीही माझ्याकडे असं बघितलं की मीच अडाणी. केलं पास. आठव्या दिवशी काका स्वतः पासबुक घेऊन उभे, ठणठणीत. पैसे बँकेनं भरून दिले आणि माझी एक वेतनवाढ थांबली. साहेबांची नाही, हे सांगायला नकोच.

तर गच्चीवर, समोशाच्या वासात, मला त्या ‘र’ची आठवण झाली असं म्हणायला छान वाटेल. खरं तर काहीच आठवलं नाही. फक्त पेन उघडलं आणि पोटात कसंसंच झालं. मनात पाल चुकचुकली म्हणतात तसं. (आमच्या ट्यूबलाइटमागे खरी पाल आहे, ती रोजच चुकचुकते. त्यामुळे या पुराव्यावर मी कोणाला काय पटवणार?)

परत पहिल्या पानावर गेले. ‘प्रस्तावित क्षेत्रफळ’ हा रकाना रिकामा होता. तारखेची जागाही कोरी.

“हे?” मी विचारलं.

“ते आर्किटेक्टचा आकडा आला की भरू ना, मॅडम. आत्ता फक्त तुमचा होकार हवाय. चारशेचे सहाशे होणारेत!”

सहाशे चौरस फूट, पण कोणत्या मोजणीनं, ते मात्र ओठातच. आता रेराच्या, म्हणजे घर घेणाऱ्यांसाठीच्या, कायद्यात कार्पेट क्षेत्रफळ म्हणजे काय याची व्याख्याच दिली आहे: घरातली वापरायची जागा, आतल्या भिंती धरून, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी सोडून. तरी ‘सहाशे’ म्हणून नुसतं हसायचं.

तोवर सोळा सह्या झाल्या होत्या. घर आमच्या दोघांच्या नावावर, आणि ह्यांनी समोसा खाता खाता आपली सही ठोकलेली. “कर ना,” हळूच म्हणाले, “सगळे काय वेडे आहेत का?” सेक्रेटरी माझ्या खुर्चीशेजारी येऊन उभे राहिले. “ताई, तुमच्यापायी सगळ्यांचं अडतंय.”

हे सगळं मी पचवलं असतं. पण आजी. ब्याऐंशी वर्षांच्या, दोन्ही गुडघे गेलेले, महिन्यातून एकदा डॉक्टरसाठी खाली उतरतात, तेही मुलाच्या खांद्याला धरून. त्यांनी माझा हात धरला. “कर गं सही. तुझ्या सहीनं मला लिफ्ट मिळेल.”

या वाक्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

“आज नाही करत,” मी म्हटलं. “वाचून सांगते.” आवाज इतका बारीक निघाला की सेक्रेटरींनी पुन्हा विचारलं, आणि मला ते दुसऱ्यांदा, मोठ्यानं म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा जास्त जड गेलं.

मग दुसऱ्या मजल्यावरचे काका, बेस्टमधून निवृत्त झालेले, सभेत कधी तोंड न उघडणारे, त्यांनी पेनाला टोपण लावलं. “मग मीपण उद्या बघतो.” आधीच सही करून बसलेल्या दोघांनी पाच मिनिटांत फाइल परत मागितली. पांढऱ्या शर्टाचा चेहरा मी तेव्हा पाहिला. पाया पडतानाचा तो नव्हता.

माझी भाची मानसशास्त्र शिकते. तिला हे सांगितलं तर तिनं सॉलोमन अ‍ॅशचे १९५० च्या दशकातले प्रयोग सांगितले. कोणती रेघ कोणत्या रेघेएवढी, एवढंच ओळखायचं. खोलीतले बाकीचे ठरवून चुकीचं उत्तर देतात, तर साधारण तीन-चतुर्थांश माणसं एकदा तरी डोळ्यांना दिसतंय ते सोडून त्यांच्यासारखंच उत्तर देतात. पण त्या घोळक्यातल्या एकानं जरी बरोबर उत्तर दिलं, तर हे प्रमाण धाडकन खाली येतं. “म्हणजे मावशी, तू ती एक होतीस.” मी म्हटलं, अगं, मी नाही, काका. मी एकटी असते तर सोमवारी सकाळी गुपचूप सही करून आले असते.

त्या रात्री वाचत बसले. पुनर्विकास कसा करायचा यावरचा, सहकारी संस्था कायद्याच्या कलम ‘७९ अ’ खालचा ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय मराठीतच आहे, कोणालाही वाचता येतो. विकासक निवडायच्या सभेला निबंधक कार्यालयाचा प्रतिनिधी हजर हवा, सभेचं चित्रीकरण हवं, प्रकल्प खर्चाच्या वीस टक्के बँक हमी हवी. आमच्याकडे समोसे होते.

आम्ही पाच घरांनी मिळून पत्र दिलं: क्षेत्रफळ कार्पेटमध्ये लिहून द्या, तारीख घाला, मग सही. “पुढच्या आठवड्यात” असं तीन वेळा उत्तर आलं. मग फोन उचलणंच बंद.

तो बिल्डर फसवा होता का? मला माहीत नाही. कदाचित त्याला दुसरीकडे सोपी बिल्डिंग मिळाली असेल. कदाचित सही केली असती तर आज आम्ही भाड्याच्या घरात बसून नव्या टाइल्स निवडत असतो. ‘बघा, मी म्हटलं नव्हतं?’ म्हणायची संधी मला मिळालेलीच नाही. मिळाला तो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचा सुविचार, “काही लोकांना दुसऱ्याचं भलं बघवत नाही”, नाव न घेता, खाली अकरा अंगठे. त्यात एक ह्यांचा. चुकून दाबला गेला म्हणतात.

आता रीतसर सल्लागार नेमलाय, कागद हळूहळू सरकताहेत. सेक्रेटरी माझ्याशी फक्त लेखी बोलतात.

परवा बाजारातून येताना आजींसाठी मटार आणले. चार मजले चढताना तिसऱ्यावर टेकले. माझेही गुडघे आता कुरकुरतात. दार उघडून आजींनी आधी पिशवी घेतली, मग विचारलं, “लिफ्टचं काय झालं गं?”

“टेंडर निघतंय, आजी.”

“मागच्या दिवाळीतही निघत होतं,” त्या म्हणाल्या, आणि मटार सोलायला बसल्या. मीही बसले.