रिसेप्शनच्या खुर्चीतून, लीड्स आणि पार्ले

मुंबईला आलो की एक प्रश्न ठरलेला: "तिकडे हॉस्टेलवर कामाला होतास म्हणे, म्हणजे नक्की काय करायचास?" आईने शेजारीपाजारी 'मॅनेजमेंटला होता' असं सांगून ठेवलंय. मी रात्रपाळीला रिसेप्शनवर होतो. इंग्लंडमधल्या लीड्समध्ये, विद्यार्थ्यांना खोल्या भाड्याने देणाऱ्या एका खासगी कंपनीच्या इमारतीत. आधी शिकता शिकता अर्धवेळ, मग ग्रॅज्युएट व्हिसावर, म्हणजे शिक्षण संपल्यावर तिथे काम करू देणाऱ्या व्हिसावर, पूर्णवेळ.

या खेपेला हा विषय मावसभावामुळे निघाला. दादा पार्ल्यात, कॉलेजांच्या पट्ट्यात, अशाच एका खासगी हॉस्टेलचा मॅनेजर आहे. रविवारी घरी जेवायला येणार होता, पण रिलीव्हर, म्हणजे त्याच्या जागी बसणारा बदली माणूस, आला नाही, म्हणून मीच स्टेशनवरून चालत त्याच्याकडे गेलो. त्याच्या खोलीत बसून बोलायचं म्हटलं तर मध्येच गिझर, मध्येच टँकरवाला, मध्येच कुणा मुलीच्या वडिलांचा इंदूरहून फोन. "बोल तू, मी ऐकतोय," असं म्हणत तो जिन्यावरून वर-खाली करत होता.

लीड्सची इमारत कशी होती ते आधी सांगतो. पाच ते आठ खोल्यांचा एक फ्लॅट, प्रत्येक खोलीला आतच बाथरूम, स्वयंपाकघर मात्र सामाईक. असे फ्लॅट मजल्यामागून मजले. खाली जिम, सिनेमाची खोली, पूलचं टेबल, म्हणजे जाहिरातीत जे जे दिसतं ते सगळं. आणि रात्री आठनंतर या सगळ्याला मिळून माणूस एक.

काम अंगमेहनतीचं नाही, पण डोळा लागू देत नाही. चावी आत विसरून टॉवेलवर खाली आलेला मुलगा, शेजारच्या फ्लॅटमधल्या गाण्यांची तक्रार, पार्सलांचा ढीग. आणि फायर अलार्म. पहाटे तीनला तो वाजला की पॅनेलवर फ्लॅटचा नंबर उमटतो. बाकीची पोरं पायजम्यावर थंडीत रस्त्यापलीकडे उभी राहतात आणि तुम्ही नेमके त्या फ्लॅटकडे निघता. बहुतेक वेळा करपलेला टोस्ट, नाहीतर धुराच्या डिटेक्टरखाली मारलेला डिओडरंट. एकदा डिटेक्टरला शॉवर कॅप घातलेली सापडली. खोलीत सिगारेट ओढायची होती ना! पोरं चिडतात, पण १५ नोव्हेंबर २०१९ ला बोल्टनमध्ये 'द क्यूब' नावाच्या विद्यार्थ्यांच्या इमारतीच्या बाहेरच्या आवरणाने पेट घेतला होता आणि आग वरच्या मजल्यांपर्यंत गेली होती. जीव कोणाचा गेला नाही. ट्रेनिंगमध्ये आम्हाला तिचे फोटो दाखवले होते, त्यानंतर टोस्टचा अलार्मही मी कधी हसण्यावारी नेला नाही.

दिवसपाळीच्या मेंटेनन्सवाल्याचं एक काम मला फार आवडायचं. रिकाम्या खोल्यांतले नळ आणि शॉवर आठवड्यातून एकदा काही मिनिटं सोडायचे आणि वहीत तारीख टाकून सही करायची. साचलेल्या पाण्यात लिजिओनेलाचे जंतू वाढतात आणि शॉवरच्या तुषारांबरोबर फुप्फुसात जातात. दादाला हे सांगितलं तर म्हणाला, "आमच्याकडे पाणी साचायला आधी यायला लागतं."

आता पैशाचं. २०२४ च्या एप्रिलपासून तिकडे २१ वर्षांवरच्यांना किमान वेतन ताशी ११.४४ पौंड होतं, २०२५ च्या एप्रिलपासून १२.२१ झालं. आम्हाला त्याच्या जेमतेम वर मिळायचं. पगारी रजा वर्षाला ५.६ आठवडे, आणि ती अर्धवेळवाल्यालाही त्याच्या तासांच्या हिशोबात मिळते. हे ऐकून इकडे सगळे हुरळून जातात, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. आजारी पडलं तर तेव्हा पहिले तीन दिवस कायद्याने एक पैसाही मिळत नव्हता, पुढे आठवड्याला ११६.७५ पौंड. त्यामुळे नोव्हेंबरमध्ये अख्खा स्टाफ खोकत कामावर. तीन दिवसांची ती अट एप्रिल २०२६ पासून गेली.

शिवाय बारा तासांच्या पाळीत एक तास 'ब्रेक', बिनपगारी. कायद्याने सहा तासांच्या वर काम असेल तर किमान २० मिनिटांची सुट्टी द्यावीच लागते, तिचे पैसे द्यायलाच हवेत असं नाही. पण एकटा माणूस रिसेप्शन सोडून जाणार कुठे? डबा उघडला की दारावर कोणीतरी हजर. म्हणजे तास कंपनीचा, पैसे शून्य. बरेच महिने सगळे गप्प होते. शेवटी साफसफाईच्या टीममधल्या एका पोलिश बाईंनी एकासच्या हेल्पलाइनला फोन लावला. नोकरीतल्या तंट्यांवर सल्ला देणारी ती सरकारी पैशाने चालणारी संस्था आहे, फोनवर फुकट बोलता येतं. त्यांनी सांगितल्याप्रमाणे बाईंनी मॅनेजरला साधं ईमेल लिहिलं, आमच्या पाळ्यांच्या नोंदी जोडून. पुढच्या रोटापासून, म्हणजे पाळ्यांच्या वेळापत्रकापासून, एकट्या माणसाच्या पाळीतला तो तास पगारी झाला. मागचे पैसे मात्र कोणाला मिळाले नाहीत.

दादाने हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिकडे मॅनेजरला राहायला खोली देतात का?" त्याच्या पगाराचं गणित तिथेच अडलेलं आहे. कंपनीने त्याला तळमजल्यावर एक खोली दिली आहे, जिन्याखालची, खिडकी पार्किंगकडे. पगारवाढ मागितली की उत्तर ठरलेलं: "राहायला जागा आहे ना, मुंबईत भाडं किती आहे माहितीये?" आणि खोली तिथेच म्हटल्यावर ड्यूटी चोवीस तास. इंग्लंडमध्ये मालकाने खोली दिली तरी किमान वेतनात त्या खोलीपोटी ठरावीक रक्कमच धरता येते, २०२५ च्या एप्रिलपासून वर्षभर ती दिवसाला १०.६६ पौंड होती. त्याच्या वर एक पेनीही नाही. हा आकडा दादाने दोनदा विचारून घेतला.

कायदा इकडे नाही असं थोडंच आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात दिवसाला नऊ तास, आठवड्याला ४८ तास, वर दुप्पट ओव्हरटाइम, असं स्वच्छ लिहिलेलं होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने नवाचे दहा करायला मंजुरी दिली, पण दादाच्या हॉस्टेलला दहा काय आणि नऊ काय. वॉचमन एजन्सीचा, बारा तास, आणि रात्रीचा माणूस आला नाही की डबल ड्यूटी. हाउसकीपिंगची मुलं ठेकेदाराची. नालासोपाऱ्याहून पहिल्या गाड्यांनी येतात, एक दिवस चुकला तर खाडा. आणि तो खाडा मस्टरवर लिहिणारा हात दादाचाच. "मला आवडतं का? पण मस्टर मी नाही भरलं तर माझाच खाडा," असं तो म्हणाला. त्याच्यावर चिडावं की त्याची कीव करावी हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या मुलांपैकी एकाने उमंग ॲपवर पीएफचं पासबुक उघडून दाखवलं. पगारातून रक्कम दरमहा कापलेली, पासबुकात अलीकडचे काही महिने कोरे. त्याने ठेकेदाराला विचारलं तर 'सर्व्हर डाऊन आहे' असं उत्तर मिळालं. कित्येक महिने डाऊन असणारा सर्व्हर! मी दादाला म्हटलं, पगाराच्या स्लिपा आणि पासबुकाचे स्क्रीनशॉट एकत्र ठेवायला सांग, आणि ठेकेदाराने भरलं नाही तर जबाबदारी तुमच्या कंपनीपर्यंत येते हे तुझ्या साहेबांच्या कानावर घाल. कानावर घालणं त्याला अवघड जाणार, पण तो घालेल असं वाटतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्यात, त्यात प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणं बंधनकारक आहे. दादाकडे स्वतःचंच नाही. त्याने आता ते लेखी मागितलंय, सोबत रविवारसाठी रिलीव्हरही. काय उत्तर येतं ते कळलं की इथे लिहीन.

यंदा सप्टेंबरला निघणाऱ्या पोरांसाठी एवढंच, कारण मेसेजमध्ये सगळे हेच विचारतात. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, आणि आठवडा म्हणजे सोमवार ते रविवार. रविवारी रात्री आठला सुरू झालेली बारा तासांची पाळी दोन आठवड्यांत विभागली जाते, चार तास इकडे, आठ तिकडे. हे रोटा बनवणाऱ्याच्या लक्षात राहत नाही, तुम्हीच मांडून ठेवा. आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जुनी पोरं जाऊन नवी येईपर्यंतच्या सफाईला भरपूर माणसं लागतात, तेव्हा पूर्णवेळ करू असं एका वर्षाच्या मास्टर्सवाल्यांनी धरून चालू नये. तुमचा प्रबंध तेव्हा चालूच असतो, आणि कोर्स संपेपर्यंत मर्यादा २० तासांचीच.