क्रिएटिनिनच्या आकड्यापलीकडे

रक्ताच्या अहवालात क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा एक टाकाऊ पदार्थ, वाढलेले दिसले की घरातल्या सगळ्यांचे लक्ष त्या एका आकड्यावर खिळते आणि काय खायचे, काय बंद करायचे याचीच चर्चा सुरू होते. तो आकडा मूत्रपिंडाची कार्यक्षमता किती उरली आहे याचा अंदाज देतो. ती कशामुळे घटली, हे मात्र तो सांगत नाही. प्रयोगशाळेत लघवीचे नमुने तपासणे हे माझे रोजचे काम आहे आणि त्यामुळेच हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. मूत्रपिंडाच्या कित्येक आजारांवर नेमका उपचार आहे, पण आजार कोणता ते कळले तरच तो करता येतो.

प्रत्येक मूत्रपिंडात साधारण दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे गाळणीचे सूक्ष्म घटक, असतात आणि प्रत्येक नेफ्रॉनच्या तोंडाशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा एक गुच्छ असतो, त्याला ग्लोमेरुलस म्हणतात. या गुच्छांतून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातला बहुतेक सगळा शरीर परत शोषून घेते आणि दीड-दोन लिटर लघवी उरते. ही क्षमता गरजेपेक्षा इतकी जास्त आहे की जवळपास निम्मी गमावल्यावरही क्रिएटिनिन 'नॉर्मल'च्या चौकटीत राहू शकते. क्रिएटिनिन स्नायूंतून येत असल्यामुळे कृश, वयस्कर माणसांत तर ते हमखास फसवते. म्हणून क्रिएटिनिनवरून, वय आणि लिंग धरून, ईजीएफआर म्हणजे गाळण्याच्या वेगाचा अंदाजी आकडा काढतात. तो तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खाली राहिला, किंवा लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जाण्यासारखी इजेची खूण तितकाच काळ टिकली, तर तो दीर्घकालीन मूत्रपिंडविकार ठरतो.

या विकाराची सर्वांत मोठी कारणे म्हणजे मधुमेह आणि उच्च रक्तदाब. मधुमेहात बहुधा आधी लघवीतले अल्ब्युमिन वाढते आणि क्रिएटिनिन बऱ्याच उशिरा. टाइप २ मधुमेहाच्या रुग्णाने निदान झाल्यापासूनच दरवर्षी लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर तपासायला हवे. ते ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमच्या वर टिकून राहिले तर इजा सुरू झाली आहे असे समजावे. या टप्प्यावर रक्तदाब काबूत ठेवून आणि आज उपलब्ध असलेली औषधे घेऊन ऱ्हासाचा वेग खरोखर कमी करता येतो. गुडघेदुखीसाठी वर्षानुवर्षे मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्याही मूत्रपिंडाला इजा करतात, हेही इथेच सांगितले पाहिजे.

बाकीच्या आजारांचा माग पुष्कळदा सूक्ष्मदर्शकाखाली लागतो. ताजी लघवी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचा द्रव ओतून टाकायचा आणि तळाच्या साक्यातला एक थेंब काचपट्टीवर घ्यायचा. खड्यामुळे किंवा मूत्राशयातून रक्त आले असेल तर तांबड्या पेशी सहसा गोल आणि एकसारख्या दिसतात. ग्लोमेरुलसला सूज असेल तर त्या गाळणीतून पिळवटून येतात. वेड्यावाकड्या, काहींना कडेला फुगवटे आलेल्या. कधी सूक्ष्मनलिकेत गोठून तयार झालेली, तांबड्या पेशींनी भरलेली लांबोडकी कास्ट दिसते. ती दिसली की रक्त मूत्रपिंडातूनच येते आहे, याबद्दल शंका उरत नाही. अहवालात मात्र कित्येकदा 'तांबड्या पेशी ८-१०' एवढेच लिहिले जाते आणि त्यांचा आकार कोणी नोंदवत नाही, याचे मला वाईट वाटते. घसा दुखू लागल्यावर एक-दोन दिवसांत लघवी कोलाच्या रंगाची झाली, तर आयजीए नेफ्रोपथीचा, म्हणजे आयजीए ही प्रतिपिंडे ग्लोमेरुलसमध्ये साचण्याच्या आजाराचा, विचार करावा लागतो. पॅरिसच्या जाँ बर्जे यांनी १९६८ मध्ये वर्णन केलेल्या या आजाराचे निश्चित निदान बायोप्सीनेच होते.

दुर्मीळ आजारांपैकी एकाबद्दल मी थोडे विस्ताराने लिहिते, कारण तो ओळखला गेला नाही तर होणारी हानी पूर्णपणे टाळण्याजोगी असते. एपीआरटी नावाच्या विकराच्या (एन्झाइमच्या) जन्मजात अभावी शरीरात डायहायड्रॉक्सिअ‍ॅडेनिन हा पदार्थ तयार होतो, लघवीत त्याचे गोल, तपकिरी स्फटिक पडतात, खडे होतात आणि हळूहळू मूत्रपिंड निकामी होते. हे खडे युरिक आम्लाच्या खड्यांप्रमाणेच साध्या एक्स-रेमध्ये दिसत नाहीत, आणि खड्याच्या साध्या रासायनिक तपासणीतही दोन्हींची गल्लत होते. युरिक आम्लाचे खडे लघवी अल्कधर्मी केल्यावर विरघळतात, हे मात्र विरघळत नाहीत. उपाय म्हणजे अ‍ॅलोप्युरिनॉल, कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळणारी, स्वस्त आणि जुनी गोळी. ध्रुवित प्रकाशात त्या तपकिरी गोलावर फुलीसारखी चमक दिसते. ती नेमकी कशाची हे ओळखणारा माणूस सूक्ष्मदर्शकाशी असला, तर रुग्णाची पुढची कित्येक वर्षे डायलिसिसविना जाऊ शकतात.

आनुवंशिक आजारांत घरातल्या माणसांची चौकशी तपासणीइतकीच मोलाची असते. पॉलिसिस्टिक आजाराच्या नेहमीच्या प्रकारात आई किंवा वडिलांकडून अपत्याकडे तो जाण्याची शक्यता निम्मी असते आणि सोनोग्राफीत मूत्रपिंडात द्रवाने भरलेल्या गाठी दिसतात. अल्पोर्ट सिंड्रोममध्ये गाळणीच्या पडद्यातले चौथ्या प्रकारचे कोलॅजन हे प्रथिन सदोष असते आणि तेच कोलॅजन कानातही असल्याने मुलाला तरुणपणीच कमी ऐकू येऊ लागते. 'घरात कोणाला लहान वयात ऐकू येईनासे झाले होते का?' हा प्रश्न मूत्रपिंडाच्या रुग्णाला विचारायला हवा, हे त्यामुळेच.

कारण कळण्याची निकड प्रत्यारोपणाच्या वेळी सर्वांत जास्त असते. आपल्याकडे दाता म्हणून पुष्कळदा आईच पुढे येते. मुलाला एक्स गुणसूत्रावरील दोषामुळे अल्पोर्ट असेल, तर बहुतेक वेळा तो दोष आईकडून आलेला असतो आणि तिचे स्वतःचे मूत्रपिंडही पुढे धोक्यात येऊ शकते. म्हणून तिच्या लघवीची आणि जनुकांची तपासणी झाल्याशिवाय तिला दाता ठरवू नये. एपीआरटीचा अभाव निदानाविना राहिला, तर तेच तपकिरी स्फटिक नव्या मूत्रपिंडातही साचू लागतात, आणि ते थांबवायला तीच अ‍ॅलोप्युरिनॉलची गोळी लागते.