समाधानाची वजाबाकी

रोज सकाळी मोबाइलवर बायबलमधलं एक वचन येतं. मागे उगवता सूर्य, खाली दोन ओळींचं मनन. चहा गाळेपर्यंत वाचून होतं, कप विसळेपर्यंत विसरूनही. अशा सवयीच्या माणसाने सतराव्या शतकातले इंग्लंडचे प्युरिटन, म्हणजे चर्चची आणखी शुद्धी व्हावी म्हणणारे कडवे प्रोटेस्टंट, लेखक हातात घेतले की आधी दमच लागतो. आहे त्या स्थितीत संतुष्ट राहायला मी शिकलो आहे, असं प्रेषित पौल फिलिप्पै गावच्या ख्रिस्ती मंडळीला लिहितो. तेवढ्या एका वचनावर जेरेमाया बरोज यांचं अख्खं पुस्तक आहे. मूळची ही प्रवचनं. देशात यादवी पेटलेली आणि हे गृहस्थ समाधानावर बोलताहेत! पुस्तक निघालं 1648 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर.

बरोज म्हणतात, समाधान बेरजेने येत नाही, वजाबाकीने येतं. परिस्थिती इच्छेएवढी वाढवत बसू नका, इच्छा परिस्थितीएवढी उतरवा. हे वाचताना माझ्या शेजारच्या टॅबमध्ये फ्रीजचे भाव उघडे होते. घरातला फ्रीज उत्तम चालतोय.

प्युरिटन म्हटलं की काळे कपडे आणि आंबट चेहरा डोळ्यांसमोर येतो. तो सगळाच खोटा नाही. 1647 मध्ये त्यांच्या पार्लमेंटने नाताळ रद्दच करून टाकला होता. आमच्याकडे डिसेंबरात करंज्या तळताना मी त्यांना वाचते, हे त्यांना मुळीच आवडलं नसतं. करंज्यांच्या बाबतीत मी त्यांचं ऐकणारही नाही.

पण मनाच्या लबाड्या ओळखाव्यात त्यांनीच. टॉमस ब्रुक्स यांनी सैतानाच्या युक्त्या आणि त्यांवरचे उतारे यांची जंत्रीच दिली आहे. त्यातली एक युक्ती म्हणजे पापाला सद्गुणाचा रंग फासणं: गर्वाला म्हणायचं टापटीप, लोभाला काटकसर, दारूबाजीला दोस्ती. काटकसरीपाशी मी जरा थबकले. दानाच्या पाकिटात नोट घालताना मी हाच शब्द वापरते.

आणि ज्याला आधीच पुरतं खजील झाल्यासारखं वाटतंय, त्याच्यासाठी रिचर्ड सिब्ज आहेत. देवाचा सेवक चेपलेला बोरू मोडणार नाही, मिणमिणती वात विझवणार नाही, या यशया संदेष्ट्याच्या वचनावर त्यांनी 1630 मध्ये लिहिलेलं पुस्तक इतकं हळुवार आहे की हा माणूस प्युरिटन कसा, असं वाटावं. दारावर आलेल्या एका गरीब फेरीवाल्याकडून रिचर्ड बॅक्स्टर यांच्या वडिलांनी ते विकत घेतलं आणि मुलाच्या मनाला त्याने उभारी दिली.

हेच बॅक्स्टर पुढे इतके आजारी पडले की आता आपण वाचत नाही असं त्यांना वाटू लागलं. म्हणून त्यांनी स्वर्गातल्या विसाव्यावर लिहायला घेतलं. पुस्तक 1650 मध्ये छापलं गेलं आणि लेखक 1691 पर्यंत जगला, लिहीतच राहिला. ख्रिस्ती माणसाने कसं वागावं यावरचा त्यांचा एक ग्रंथ तर दहा लाखांहून अधिक शब्दांचा आहे. तो मी डाउनलोड करून ठेवलाय. उघडलेला नाही.